दोनदा सांगायचं

"पाणी साडेआठला जाणार आहे."

काका जिन्यात उभे राहून एवढं सांगायचे आणि थांबायचे. साधारण चार सेकंद. मग त्याच आवाजात, त्याच चालीत, एकही शब्द न बदलता पुन्हा सांगायचे, "पाणी साडेआठला जाणार आहे." आणि वळून आपल्या घरात निघून जायचे.

लिफ्ट बंद आहे, दूधवाला उद्या येणार नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा पाय मुरगळला आहे, सगळ्या बातम्या अशाच, दोनदा. मुकुंदनगरच्या त्या सोसायटीत मी नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, वय झालं, विसरत असतील. एकदा मी मोठ्या समजूतदारपणे म्हटलं, "काका, मी पहिल्यांदाच ऐकलं हो." चुकीच्या गाडीत चढलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पहिल्यांदा सांगायचं ते कानाला," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा सांगायचं ते माणसाला."

मग चार सेकंद गेले. पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

काका स्वारगेटच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांच्या वेळा लिहायच्या, फलाट ठरवायचे आणि केबिनमध्ये बसून माईकवरून गाड्या पुकारायच्या. नव्वदच्या दशकात तुम्ही तिथून कधी गाडी पकडली असेल तर हा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. माणूस पाहिला नसेल. केबिनच्या काचेवर वेळापत्रकं, सूचना आणि हरवलेल्यांचे फोटो इतके चिकटवलेले असायचे की आत कोण बसलंय ते कळायचं नाही.

मी साताऱ्याची. शिकायला पुण्यात होते आणि दर शनिवारी स्वारगेटला येऊन त्या आवाजाची वाट बघायचे. पुढे हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत मला नोकरी लागली, स्वतःची गाडी आली आणि मी तो आवाज साफ विसरून गेले. सोसायटीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात खालून ऐकू आलं, "गेटसमोर उभी असलेली पांढरी गाडी बाजूला घ्यावी," आणि माझा हात आपोआप बॅगेच्या बंदाकडे गेला. गाडी माझीच होती, ही गोष्ट वेगळी.

काकांचा चेहरा म्हणजे मुख्यतः मिशी. तिच्याखाली वरचा ओठ असणार, हे आपण आपलं मानून चालायचं. रविवारी सकाळी ते गॅलरीत आरसा टेकवून छोट्या कात्रीने ती कापत बसायचे. एवढं कापूनही ती कमी झालेली मी पाहिली नाही. केबिनमध्ये कोणी बघत नव्हतं तर एवढी मिशी कोणासाठी ठेवलीत, असं मी एकदा विचारलं.

"मिशी कोणासाठी नसते," ते म्हणाले. हेही दोनदा.

काकू भोरच्या अलीकडच्या बाभूळफाट्याच्या. फाटा म्हणजे काय, एक बाभूळ, एक टपरी आणि आत वस्तीकडे जाणारा कच्चा रस्ता. पुण्यात चाळीस वर्षं काढूनही त्यांनी पुण्याची भाषा घेतली नव्हती. "आपली हाय की धडधाकट, दुसरी कशाला," असं त्या म्हणायच्या. काका घरातसुद्धा 'कृपया' म्हणत आणि काकू 'आवो' म्हणत, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

काकूंच्या मनात एकच सल होता. लग्नानंतर माहेरी जायला त्या स्वारगेटवर उभ्या राहिल्या की भोरच्या गाडीच्या थांब्यांमध्ये त्यांच्या फाट्याचं नाव पुकारलं जायचं. त्यांनी ते अभिमानाने माहेरी सांगितलं. आमच्या बाभूळफाट्याचं नाव स्वारगेटला माईकवर घेत्यात! त्यांचा भाऊ ते ऐकायला मुद्दाम पुण्याला आला, अख्खा दिवस बाकावर बसला, भोरच्या सगळ्या गाड्या ऐकल्या. नाव आलं नाही. तेव्हापासून माहेरी काकूंनी काहीही सांगितलं, अगदी शेजारणीला जुळं झालं असं सांगितलं, तरी कोणीतरी विचारायचं, "स्वारगेटला पुकारलं का?" आणि सगळे हसायचे. काकूही हसायच्या. पण ही गोष्ट त्यांनी मला ओळखीच्या पहिल्या महिन्यातच सांगितली होती, आणि शेवटी म्हणाल्या होत्या, "म्या ऐकलं व्हतं. ह्यांना इचारलं की विषय बदलत्यात. म्या खोटं कशाला सांगू?" त्या वेळी काका शेजारी बसून पेपर वाचत होते. पान उलटत नव्हतं, हे मला नंतर आठवलं.

ड्यूटीवरून आले की चहा पिताना स्टँडवरची एक गोष्ट काकूंना सांगायची, हा काकांचा नेम होता. पाकीट मारणाऱ्याची, चुकून सांगलीऐवजी सासवडला गेलेल्या नवरदेवाची, जी असेल ती. काकू ऐकून म्हणायच्या, "कळलं की." काका तरीही शेवटचं वाक्य पुन्हा सांगायचे. स्टँडवर पुढे मशीन आलं, रेकॉर्ड केलेली एक बाई गाड्या पुकारू लागली, काकांना कागदांचं काम मिळालं, मग ते निवृत्त झाले. गोष्टी संपल्या नव्हत्या. चार वाजताचा चहा आणि एक गोष्ट चालूच होतं.

मग काकूंना ऐकू येईनासं झालं. आधी कुकरच्या शिट्ट्या चुकल्या, मग दाराची बेल, मग काका.

नाशिकला असलेल्या मुलीने कानाचं मशीन घेऊन दिलं. मशीनमुळे कुकर परत आला, रिक्षांचे हॉर्न आले, शेजारचा मिक्सर आला. काका आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आवाज पोचतो पण शब्द सुटे होत नाहीत, याला इलाज नाही. काका वहीत लिहून दाखवू लागले. पण हा माणूस आयुष्यभर फलकावर लिहीत आलेला. 'चहा तयार आहे. कृपया नोंद घ्यावी.' काकू चौथी शिकलेल्या, बोट ठेवून ठेवून वाचायच्या आणि म्हणायच्या, "घरात नोटिसा नगं."

हळूहळू काकू समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला लागल्या. माझं बरंच कळायचं. भाजीवालीचं तर सगळं कळायचं, तिने मनात म्हटलेलंसुद्धा. एकट्या काकांचं काही कळायचं नाही. असं का, ते मला तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात.

काका बोलले की काकू मान हलवायच्या. कळलेलं नसायचं, पण नवऱ्याला तिसऱ्यांदा बोलायला लावायचं त्यांच्या जिवावर यायचं. काकांनाही ते दिसत होतं. एक दिवस चार वाजता मी काही द्यायला गेले तेव्हा दोघं समोरासमोर बसून चहा पीत होते आणि कोणीच काही बोलत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी डबा ठेवून लगेच घरी आले.

त्यानंतर एका रविवारी दहा वाजता काका माझ्याकडे आले. हातात डायरी, खिशाला पेन.

"आपण नक्की काय काम करता?"

"कंपन्यांना ऐकणारे-बघणारे मिळवून देते, काका. ऑडियन्स तयार करते."

"मला एक पाहिजे."

"एक एपिसोड?"

"एक ऐकणारा." मग चार सेकंदांनी, "एक ऐकणारा."

मला तो विनय वाटला. पुण्यात विनय इतका क्वचित भेटतो की तो असला तरी ओळखता येत नाही आणि नसला तरी असल्यासारखा वाटतो. त्या वर्षी ज्याला त्याला पॉडकास्ट सुरू करायचा होता. माझ्या ऑफिसात तर चहा आणणाऱ्यालाही कोणीतरी कल्पना देत होतं. इथे दारात चालत आलेला सोन्यासारखा आवाज होता. मी लॅपटॉप उघडला आणि काकांना अकरा स्लाइड दाखवल्या. पॉडकास्ट की व्हिडिओ, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये बाण.

"पॉडकास्ट लोक काम करता करता ऐकतात," मी म्हटलं. "गाडी चालवताना, भांडी घासताना."

"म्हणजे लक्ष देत नाहीत."

"तसं नाही. पण व्हिडिओला एका जागी बसून बघावं लागतं."

"म्हणजे लक्ष देतात."

"हो, पण व्हिडिओत गर्दी फार आहे. चेहरा लागतो, लाइट लागतात, पहिल्या काही सेकंदांत माणूस पळून जातो. तुमची ताकद आवाज आहे. तुम्हाला चेहरा दाखवायची गरजच नाही."

काकांनी डायरीत काहीतरी लिहिलं. "दिसतं कोणतं?" त्यांनी विचारलं.

"दिसतो व्हिडिओ. पण माझं ऐकाल तर पॉडकास्ट."

तीस वर्षं लोक त्यांच्या एका वाक्यावर विसंबून गाडीत चढले होते. त्यामुळे जो माहीतगार आहे त्याने सांगितलं की ऐकावं, या मताचे ते होते. त्यांनी डायरी मिटली. माहीतगार मी होते, ही त्यांची चूक नव्हे.

घुमणारा आवाज टाळायला रेकॉर्डिंग कपड्यांत करावं, अशी एक युक्ती आहे. आम्ही बेडरूममधलं काकूंचं कपाट उघडलं, साड्यांच्या मधोमध माईक ठेवला आणि काका कपाटात तोंड घालून बोलू लागले. पहिला भाग त्यांनी पर्वतीच्या एका म्हाताऱ्यावर केला. हे आजोबा दर गुरुवारी स्टँडवर येत, आपल्या गावाची गाडी पुकारेपर्यंत बाकावर बसत आणि पुकारली की उठून घरी पर्वतीला जात. गावी त्यांचं कोणी उरलं नव्हतं, नुसतं नाव ऐकायला येत. एका गुरुवारी ती गाडी रद्द झाली. काकांनी तरीही ती पुकारली, आणि मग रद्द झाल्याचं सांगितलं.

लोकांना हे अतोनात आवडलं. माझ्या ऑफिसातल्या मुली रडल्या. कोणी लिहिलं, हा आवाज ऐकून मला माझी ट्रंक आठवली. तीन भागांत ऐकणारे इतके झाले की मी माझ्या साहेबांना सांगितलं आणि साहेबांनी त्यांच्या साहेबांना. काकांना मी दर दोन दिवसांनी आकडा कळवायचे. ते म्हणायचे, "बरं."

चौथ्या भागाच्या वेळी मी कानाला हेडफोन लावून पलंगावर बसले होते आणि काका कपाटापुढे उभे होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात मटार सोलायची ताटली. त्यांना काकांची पाठ दिसत होती. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, आणि आपला आवाज किती मोठा झालाय हे त्यांना कळत नव्हतं, "माझ्या साड्यांशी बोलत्यात. माझ्याशी न्हाई."

ते वाक्य रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आलं आहे. माझ्याकडे अजून आहे. त्यानंतरचे चार सेकंद काका गप्प आहेत, पण या वेळी ते दुसऱ्यांदा काही सांगत नाहीत.

मला स्वतःची लाज वाटली. माणसाने आपल्याला एक ऐकणारा मागितला होता, तो शेजारच्या खोलीत मटार सोलत होता आणि मी अख्ख्या महाराष्ट्रात हिंडत होते.

संध्याकाळी काका माझ्या घरी आले. "पॉडकास्ट बंद," म्हणाले.

"काका, लोक विचारतील. आता कुठे वाढायला लागलंय."

"त्यांना सांगा, गाडी रद्द आहे." मी वाट बघितली. "गाडी रद्द आहे."

मग ते खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलले. काकू माहेरी खोट्या ठरल्या आहेत, पण त्या खरं बोलत होत्या, त्यांनी सांगितलं. नाव पुकारलं जायचं. पुकारणारे तेच होते. त्यामागे एक गोष्ट होती आणि ती त्यांनी काकूंना कधी सांगितली नव्हती. "सांगू सांगू म्हणत राहिलं. तेव्हा तिला ऐकू यायचं आणि मला घाई नव्हती."

"मग समोर बसून सांगा ना आता. हळू बोला."

"समोर बसलं की ती मान हलवते. कळलं नाही तरी हलवते. व्हिडिओपुढे मान हलवायची गरज नाही. नाही कळलं तर मागे घेऊन बघेल." ते थांबले. "आणि मी काचेमागचा माणूस आहे हो. तोंडावर सांगायची मला सवय नाही. शिवाय तिच्या माहेरच्यांनीही बघायला पाहिजे. सगळ्यांनी."

म्हणजे ऐकणारी एक आणि साक्षीदार अख्खं गाव, अशी ती ऑडियन्स होती. माझ्या अकरा स्लाइडमध्ये ती कुठेच बसत नव्हती.

मंगळवारी सकाळी काका चौकातल्या सलूनमध्ये गेले. परत आले तेव्हा जिन्यात मी त्यांना वाट दिली आणि कोणाकडे जायचंय असं विचारणार होते. वर त्यांनी बेल वाजवली, दिवा लागला, कारण काकूंसाठी बेलला दिवा जोडलेला होता. काकूंनी साखळी न काढता फटीतून बघितलं.

"कोन पायजे?"

"मी आहे," काका म्हणाले. चार सेकंद. "मी आहे."

काकूंची नजर त्यांच्या तोंडावर खिळली होती. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचे ओठ मिटलेले आणि उघडलेले काकूंना दिसले. त्यांनी साखळी काढली.

"वरचा व्हट असा हाय व्हय तुमचा," त्या म्हणाल्या. "लगनातबी दिसला न्हवता."

एवढी वर्षं काकूंना काका का कळत नव्हते, ते मला जिन्यात उभं राहून कळलं. मी मोठ्या कंपनीत संवादाच्या विभागात काम करते, हे इथे नोंदवून ठेवते.

व्हिडिओ आम्ही गॅलरीत केला, सकाळच्या उजेडात. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन होतंच. त्यांनी पंधरा मिनिटं बोलून सगळं सांगितलं. मी ते घरी आणून नीट कापलं. आमच्या धंद्यात शांतता म्हणजे गुन्हा. मी सगळे थांबे काढले, दोनदा आलेलं प्रत्येक वाक्य एकदा केलं, पंधरा मिनिटांची सहा झाली. मला फार छान वाटलं.

काकूंनी टॅबवर तो सुरू केला, दोन्ही हातांनी धरून. अर्ध्या मिनिटात त्यांनी मान हलवायला सुरुवात केली. टॅबपुढेसुद्धा. मग टॅब मांडीवर ठेवून म्हणाल्या, "लई पळतंय. आपन पोचस्तवर गाडी सुटती."

काका माझ्याकडे वळले. "दुसरं वाक्य कुठे गेलं?"

"काका, ते तेच होतं."

"तेच असतं. म्हणून तर दुसरं." आणि मग माझ्या कामाबद्दल एवढ्या वर्षांत मी ऐकलेलं सगळ्यात कठोर वाक्य त्यांनी अगदी सौम्यपणे उच्चारलं. "आपण माणसाचं कापलंत आणि कानाचं ठेवलंत."

मी तशीच घरी गेले आणि सगळं परत जोडलं. थांबे, वाक्यं, मध्ये आलेला कावळासुद्धा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चहा झाल्यावर काकू पुन्हा बघायला बसल्या. काका आत गेले नाहीत, पण खुर्ची जरा मागे घेऊन दाराच्या आड बसले. टॅबवरचे काका बोलू लागले.

"भोरकडे जाणारी गाडी. मार्गे कात्रज, शिवापूर, कापूरहोळ, बाभूळफाटा."

ओठ मिटल्याशिवाय ते शेवटचं नाव घेता येत नाही. दुसऱ्यांदा आलं तेव्हा काकू एकदम ताठ झाल्या आणि त्यांच्या ओठांनीही ते नाव घेतलं.

"बाभूळफाटा हा थांबा नव्हता," काका सांगत होते. थांबत होते, पुन्हा सांगत होते. "यादीत त्याचं नाव नव्हतं. माझी पत्नी ज्या दिवशी माहेरी जायची, त्या दिवशी मी ते नाव जोडायचो. नाव पुकारलं की ड्रायव्हरला तिथे थांबावं लागायचं. नाहीतर तिला कापूरहोळपासून चालत जावं लागलं असतं, कडेवर मुलगी घेऊन. एरवी मी ते नाव पुकारत नव्हतो. तिचा भाऊ ऐकायला आला, त्या दिवशी ती जाणार नव्हती. तो दिवसभर समोर बसला होता. मला काचेच्या फटीतून दिसत होता. नियमात नसलेली गोष्ट मी त्याच्या समाधानासाठी करू शकलो नाही. वरिष्ठांची समज आधीच मिळालेली होती. मी पुकारलं नाही, आणि ती खोटी ठरली. ती खोटी नाही. तिने ऐकलं ते मी म्हटलेलं आहे."

चार सेकंद.

"तिने ऐकलं ते मी म्हटलेलं आहे."

काकूंनी दोनदा मागे घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. मान एकदाही हलवली नाही. मग टॅब खाली ठेवला, चष्मा काढून पदराने पुसला, आणि दाराच्या आड बसलेल्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "म्हनून तो कंडक्टर माझ्यावर डाफरायचा व्हय."

काका हसले. वरचा ओठ असलेला माणूस हसताना कसा दिसतो, ते मी पहिल्यांदाच बघितलं. काकू मात्र हसल्या नाहीत, त्यांनी आधी तो व्हिडिओ माहेरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. सत्तरीचा माणूस, बाभळीखाली उभा राहून म्हणाला, "ताई, चुकलं माझं." काकूंना नीट दिसलं होतं, हे मी शपथेवर सांगते. तरी त्या म्हणाल्या, "पुन्यांदा म्हन."

त्यानंतर काकांनी दर रविवारी गॅलरीत बसून एक गोष्ट सांगितली. मी त्यांना एक व्हिडिओ चॅनेल काढून दिलं होतं. ते वाढलं नाही. दोनदा सांगणारा म्हातारा बघायला लोकांना वेळ नसतो, ते पॉडकास्टचं विचारत राहिले. माझ्याकडे त्या चॅनेलचे आकडे दिसायचे. बघण्याचा वेळ व्हिडिओच्या लांबीपेक्षा जास्त यायचा, म्हणजे कोणीतरी सारखं मागे घेऊन बघत होतं. बराचसा वेळ मुकुंदनगरातून, दुपारी चारनंतर. असे आकडे मी कोणत्याच साहेबांना दाखवू शकले नसते. सगळ्यात चांगले आकडे तेच होते.

मिशी काकांनी परत ठेवली नाही. रविवारची कात्री तेवढी गॅलरीत खिळ्याला लटकत राहिली.

काका गेले ते फार न रेंगाळता, दोन दिवस दवाखान्यात आणि संपलं. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरात त्यांचे जे फोटो सापडले ते सगळे मिशीचे. काकूंनी एकेक हातात घेतला आणि बाजूला ठेवला. "ह्यांचं मला काय कळायचं न्हाई," म्हणाल्या. मग मी व्हिडिओतून काढून देते म्हटलं. पण बोलणाऱ्या माणसाचं चित्र थांबवलं की तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले. तासभर शोधलं. शेवटी मला आठवलं की काका कधी गप्प बसायचे. दोन वाक्यांच्या मधे व्हिडिओ थांबवला तर समोर काका होते, ओठ मिटलेले, डोळे सरळ, समोरच्याला कळण्याची वाट बघत असलेले. तोच फोटो आज भिंतीवर आहे, मी एकेकाळी कापून टाकलेल्या चार सेकंदांतला.

परवा चार वाजता मी त्यांच्याकडे गेले. दिव्याची बेल वाजवली नाही, कारण दार नुसतं लोटलेलं होतं. काकू पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोर चहाचा कप, कपाला टेकवलेला टॅब. आवाज पूर्ण बंद. बाभूळफाट्याचाच व्हिडिओ होता. काकांचे ओठ हलले, मला ऐकू आलं नाही, पण वाक्य पाठ होतं. मग ते थांबले.

"कळलं की," काकू म्हणाल्या.

काकांनी ते पुन्हा सांगितलं.